तासावर घेतलेली होडी, जमिनीखालून आलेली नदी

पौषातल्या पहाटे विहिरीवर गेलेल्या माणसाला ही गंमत ठाऊक असते. बाहेर हुडहुडी भरलेली, पण पोहरा वर आला की पाण्यातून वाफा निघतात आणि हात घातला तर पाणी चक्क कोमट लागतं. तीच विहीर वैशाखात गारेगार पाणी देते. घरातल्या थोरामोठ्यांना विचारलं, तर विहिरीचं पाणी ऋतूच्या उलटं वागतं, असं उत्तर मिळतं. खरं म्हणजे पाणी कुठेच उलटं वागत नाही. ते वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असतं. बदलतो तो आपला हात, थंडीत गारठलेला आणि उन्हाळ्यात तापलेला.

आता समजा, अशी एखादी विहीर काठोकाठ भरून वाहू लागली आणि त्या पाण्याचीच नदी झाली, तर? बारा महिने एकाच तापमानाची, डोंगरातला गाळ न आणणारी, पावसाळ्यातही सहसा न गढुळणारी नदी. तिच्यात कोण राहील, तिच्या काठी कोण येऊन बसेल?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात अशा नद्या आहेत. तिथे लहानमोठे मिळून हजाराहून अधिक झरे नोंदलेले आहेत. त्यांतली एक जुनी प्रसिद्ध जागा म्हणजे ओकाला शहराजवळचं सिल्व्हर स्प्रिंग्ज. तिथून निघणारी सिल्व्हर नदी जेमतेम आठ किलोमीटर लांबीची आहे. पुढे ती ओक्लावाहा नदीला मिळते. ऑरलँडोहून गाडीने दीडेक तासात तिथे पोचता येतं. काठावर कयाक, म्हणजे एका-दोघांनी दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, भाड्याने मिळते. गाइडबरोबर चार-सहा होड्यांचा तांडा करून सुसरीच्या जातीचे प्राणी, कासवं आणि पक्षी बघत जाता येतं. ही सफर कशी चालते हे समजून घ्यायचं असेल, तर आधी होडीच्या खाली, अगदी जमिनीच्याही खाली डोकवायला हवं.

ओट्यावरचा लिंबाचा डाग

स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली, की सकाळी तिथे फिकट, खडबडीत डाग दिसतो. शहाबादी फरशीवर चिंचेचं पाणी सांडलं तरी तेच. कडाप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड, आणि चुनखडी आंबटाला विरघळते.

फ्लोरिडाची जमीन अशाच चुनखडीच्या जाड थरांवर वसलेली आहे. कोट्यवधी वर्षं हा भाग उथळ समुद्राखाली होता. शंख-शिंपले आणि सूक्ष्म जीवांची कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा दगड झाला. त्यावर पाऊस पडतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आंबट होतं. सोडावॉटरने जिभेला जी चुरचुर होते, तिचीच ही अतिशय सौम्य आवृत्ती. हे पाणी हजारो वर्षं भेगांमधून झिरपत राहिलं, की भेगेची फट होते, फटीचं भुयार होतं आणि भुयारांचं जाळं तयार होतं.

पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या अशा थराला जलधर म्हणतात. फ्लोरिडाखालचा जलधर शेजारच्या राज्यांतही पसरलेला आहे आणि त्याचं क्षेत्रफळ सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राहून काहीसं कमी. आपला सह्याद्री मात्र बेसाल्टचा, लाव्हा थंड होऊन बनलेला. हा दगड असा विरघळत नाही. पाणी त्याच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत मावेल तेवढंच साठतं. म्हणून आपल्याकडचे पुष्कळ झरे दिवाळीनंतर बारीक होतात आणि शिमग्यापर्यंत आटतात, तर तिकडचे बारमाही वाहतात.

गच्चीवरची टाकी आणि तळमजल्याचा नळ

पण पाणी तर उताराकडे जातं. मग ते जमिनीतून वर कसं येतं?

इमारतीच्या गच्चीवरची टाकी आठवा. टाकीतलं पाणी पाइपातून खाली येतं आणि तळमजल्यावरचा नळ सोडला की जोरात बाहेर पडतं. नळाला नळी लावून तोंड वर केलं, तर पाणी वरसुद्धा उडतं. त्याला ढकलायला पंप लागत नाही, टाकीची उंची पुरते.

जलधराचंही असंच आहे. आजूबाजूच्या थोड्या उंच भागात मुरलेलं पाणी ही टाकी, खडकातली भुयारं हे पाइप आणि सखल जागी जिथे खडकाला तोंड फुटलेलं असतं तो नळ. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये अशी तोंडं बरीच आहेत. त्यांतलं सर्वांत मोठं 'मॅमथ स्प्रिंग' नावाने ओळखलं जातं. नोंदींनुसार या झऱ्यांचा पूर्वीचा सरासरी प्रवाह सेकंदाला वीस हजार लिटरांहून जास्त होता. दहा हजार लिटरचा टँकर आपल्याला परिचयाचा आहे. असे दोन टँकर दर सेकंदाला रिकामे होत राहावेत, एवढं ते पाणी. सेकंदाला सुमारे २,८०० लिटरांहून अधिक पाणी देणाऱ्या झऱ्याला 'पहिल्या प्रतीचा' झरा म्हणतात. ही प्रतवारी अमेरिकन भूजलशास्त्रज्ञ ऑस्कर माइन्झर यांनी १९२७ मध्ये मांडली.

तापमानाचं कोडंही इथेच सुटतं. जाड मातीच्या भिंतींच्या वाड्यात दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. जमिनीत काही मीटर खाली गेलं, तर उन्हाळ्याची धग खाली पोचेपर्यंत वर हिवाळा येतो. दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि खोलवर उरते ती त्या प्रदेशाची वर्षाची सरासरी. म्हणून सिल्व्हर नदीच्या उगमाचं पाणी जानेवारीतही आणि जुलैतही सुमारे २२ ते २३ अंश सेल्सिअस असतं.

काच की पाणी?

या झऱ्यांवर १८७० च्या दशकापासून काचेच्या तळाच्या होड्या चालतात. त्या होडीतून किंवा कयाकच्या कडेवरून वाकून मॅमथ स्प्रिंगच्या वर पाहिलं, की पाणी आहे हेच काही क्षण पटत नाही. सुमारे दहा मीटर खाली खडकाची कपार दिसते, तिच्या तोंडाशी पांढरी वाळू दुधाला उकळी फुटावी तशी हलत असते आणि माशाची सावली माशापासून वेगळी, स्वतंत्र सरकताना दिसते.

पाणी इतकं नितळ राहण्याची कारणं दोन. पहिलं, ते खडकातून गाळून आलेलं असतं, माती त्यात जवळपास नसते. दुसरं कारण वेळेचं. तळ्यातलं पाणी हिरवं दिसतं ते तरंगत्या सूक्ष्म शैवालामुळे. ते वाढायला एकाच पाण्यात काही दिवस मुक्काम लागतो. इथलं पाणी बाहेर आलं की काही तासांत पुढे निघून जातं. शैवालाला पाय रोवायला सवडच मिळत नाही. आणि निळाई? पाणी प्रकाशातला तांबडा भाग थोडाथोडा शोषून घेतं, निळा जाऊ देतं. ग्लासभर पाण्यात हे जाणवत नाही, दहा मीटर खोलीत जाणवतं. आठ किलोमीटरवर ही नदी ओक्लावाहाला मिळते, त्या ओक्लावाहाचं पाणी कुजक्या पानांच्या अर्काने कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. संगमापाशी हा फरक होडीतून स्पष्ट कळतो.

हजार रुपयांचा हिशेब

स्वच्छ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, त्यामुळे तळाशी पट्ट्यासारख्या लांब पानांच्या पाणवनस्पतींची कुरणं असतात. भर दुपारी त्यांच्या पानांवर प्राणवायूचे बुडबुडे मण्यांसारखे चिकटलेले दिसतात. अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांना १९५० च्या दशकात इथे एक आयती प्रयोगशाळा दिसली. तापमान तेच, प्रवाह जवळपास तोच, पाण्यातले क्षारही तेच. मग वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला, दिवसा आणि रात्री, पाण्यात प्राणवायू किती हे मोजलं, की मधल्या पट्ट्यातल्या वनस्पतींनी किती अन्न तयार केलं याचा अंदाज येतो.

त्यांचा हा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातले आकडे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. एका चौरस मीटरमध्ये वर्षाला वनस्पती आणि शैवालं मिळून २०,८१० किलोकॅलरी ऊर्जा बांधतात. त्यावर जगणाऱ्या शाकाहारी प्राण्यांपर्यंत ३,३६८ पोचतात, त्यांना खाणाऱ्या मांसाहारींपर्यंत ३८३ आणि सगळ्यांत वरच्या शिकाऱ्यांपर्यंत २१. रुपयांत सांगायचं, तर घरात हजार रुपये आले, तर शाकाहारी सुनेच्या हाती १६२, मधल्या शिकाऱ्याच्या हाती १८ आणि कर्त्या आजोबांच्या हाती जेमतेम एक रुपया. बाकीचे प्रत्येकाच्या स्वतःच्या श्वासात, हालचालीत आणि कुजण्यात खर्च झाले.

कयाकच्या सफरीत काय दिसेल याचं वेळापत्रक याच हिशेबात आहे. मासे आणि कासवं दिसतीलच, तीही घोळक्याने. मोठा शिकारी एखाद-दुसरा दिसला, तर सफर वसूल झाली असं समजायचं.

ओंडक्यावरची मंडळी

पाण्यात अर्धवट बुडालेल्या ओंडक्यावर कासवं बहुधा ओळीने बसलेली असतात, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला, मागचे पाय हवेत ताणलेले. कासवाला अंगातून उष्णता तयार करता येत नाही. ऊन खाल्ल्याशिवाय पचनही नीट होत नाही. ॲलिगेटरचंही तेच. आपल्या मगरीचा हा अमेरिकन चुलतभाऊ. जबडा मिटलेला असताना मगरीचा खालचा चौथा दात बाहेर दिसतो, ॲलिगेटरचा झाकला जातो. ॲलिगेटरचं मुस्कट रुंद आणि गोलसर. थंडीच्या दिवसांत ऊन वर आलं, की तो काठावर आडवा होतो. म्हणून हिवाळ्यातल्या सफरीत तो बघायला मिळण्याची शक्यता चांगली.

फांदीवर पंख पसरून उभा राहिलेला, सापासारख्या मानेचा पक्षी म्हणजे ॲनहिंगा. आपल्या तलावांवर दिसणाऱ्या तिरंदाजाचा हा अगदी जवळचा नातलग. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं, याच्या पिसांत ते भिनतं. तोटा वाटतो, पण त्यामुळेच शरीर जड होऊन त्याला पाण्याखाली सहज जाता येतं. स्वच्छ पाण्यात तो मासा नजरेने हेरतो आणि चोचीने भाल्यासारखा भोसकतो. नंतर मात्र ओले कपडे वाळत घालावे तसे पंख उन्हात धरून बसावं लागतं. होडी जवळ आली आणि त्याला उडावं लागलं, तर त्याचा वाळवणाचा वेळ वाया जातो. गाइड त्याच्यापासून लांबून वळसा घालतो, ते यासाठी.

पाण्यातली सर्वांत मोठी पाहुणी म्हणजे मॅनाटी, आपल्याकडच्या समुद्रगायीची बहीण. अर्ध्या टनाच्या आसपास वजन असूनही तिच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं, की ती आजारी पडते. हिवाळ्यात समुद्र गारठला, की मॅनाटी २२-२३ अंशांच्या झऱ्यांकडे धाव घेतात, जशी आपण शेकोटीकडे. सिल्व्हर नदीत त्या मोजक्याच पोचतात, कारण १९६८ मध्ये ओक्लावाहावर बांधलेलं धरण वाटेत आडवं येतं. मॅनाटीच पाहायच्या असतील, तर पश्चिम किनाऱ्यावरचं क्रिस्टल रिव्हर गाठायचं. ब्लू स्प्रिंग नावाच्या आणखी एका झऱ्यावर तर मॅनाटींच्या हंगामात होड्यांना आणि पोहणाऱ्यांना प्रवाहात बंदीच असते. तिथे त्या काठावरून बघायच्या.

आणि हो, फांद्यांवर माकडंही दिसतात. ती उत्तर भारतात आढळणारी लाल तोंडाची ऱ्हीसस माकडं! सिल्व्हर स्प्रिंग्जला चित्रित झालेल्या टारझनपटाच्या चमूने ती सोडली, अशी दंतकथा आहे. खरी गोष्ट अशी, की १९३० च्या दशकात होडीसफरीचा व्यवसाय करणाऱ्या टूई नावाच्या गृहस्थाने पर्यटकांच्या करमणुकीसाठी ती एका बेटावर आणून ठेवली. ऱ्हीसस उत्तम पोहतात, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या माकडांपैकी सुमारे पाव माकडांच्या रक्तात हर्पीस बी विषाणूच्या खुणा सापडल्या. माणसाला तो क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेततो. त्याच वर्षी राज्याने माकडांना खाऊ घालण्यावर बंदी आणली. देवळाच्या पायऱ्यांवर माकडांना शेंगदाणे देण्याची सवय इथे अंगाशी येते.

भाड्याचा हिशेब नदीच ठरवते

एवढ्या सगळ्यांच्या जवळ जायला कयाकच का? तिला इंजिन नाही, म्हणून आवाज नाही आणि धूर नाही. ती हातभर पाण्यातूनही जाते, त्यामुळे पंख्याने गवत कापलं जात नाही. आणि बसणाऱ्याची बैठक पाण्याच्या पातळीवर असते. उभ्या माणसाची आकृती पाहून पक्षी उडतात, बसलेली आकृती त्यांना ओंडक्याहून फार वेगळी वाटत नाही.

भाड्याने मिळणारी कयाक बहुधा प्लॅस्टिकची, वर बसायच्या खोबणींची असते. तळाला आरपार भोकं असतात. ती पाहून नवखा माणूस घाबरतो, पण होडीचं धड हवेने भरलेलं आणि बंद असतं. वर आलेलं पाणी या भोकांतून खाली निघून जातं. दोघांच्या होडीत पुढच्याने ताल धरायचा आणि मागच्याने दिशा. नवरा-बायकोत कुरबूर होते ती इथेच. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट होडीत असलंच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. लहान होड्यांमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांनी ते घालूनच बसायचं असतं.

आता खरा हिशेब. भाडं बहुधा तासावर किंवा अर्ध्या दिवसावर असतं आणि मीटर होडी परत आणेपर्यंत चालू राहतो. समजा, संथ पाण्यात तुमचा वेग ताशी चार किलोमीटर आहे आणि प्रवाह ताशी एक किलोमीटरचा. उगमापाशी बसलात, तर जाताना प्रवाह सोबत असतो, वेग पाच. येताना प्रवाह विरुद्ध, वेग तीन. दोन तासांसाठी होडी घेतली, तर साधा माणूस म्हणेल, तासाने वळू. पण तासात पाच किलोमीटर गेलात, तर परतायला एक तास चाळीस मिनिटं लागतील. दोन तासांत परतायचं असेल, तर सुमारे पाऊण तासाने, पावणेचार किलोमीटरवरच वळायला हवं. ४५ मिनिटं जायला, ७५ यायला. गाइडबरोबर जाण्याचा हा मोठा फायदा. वळायची वेळ तो ठरवतो आणि दंड होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे एकतर्फी सफर. खाली संगमाजवळच्या रे वेसाइड पार्कसारख्या ठिकाणी उतरायचं आणि गाडीने परत यायचं. मात्र परतीची गाडी भाड्यात धरली आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

चौकट : होडी घेण्यापूर्वी

• भाडं तासाचं की सफरीचं? उशीर झाला तर काय?
• सुरुवात उगमापासून की खालून? परतताना प्रवाह सोबत की विरुद्ध?
• गाइड सोबत असेल तर तांड्यात किती होड्या? कमी असतील तितकं जास्त दिसेल.
• सकाळची वेळ घ्या. उन्हाळ्यात तिथे दुपारी वीज-वादळं नित्याची.
• ॲलिगेटर, माकड, मॅनाटी, कुणालाही खाऊ घालायचं नाही, हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही.
• सिल्व्हर स्प्रिंग्जच्या उद्यानात पोहायची परवानगी नाही. पाणी कितीही बोलावत असलं तरी.

दुखणं कुठे आहे?

होडीतून नदी शाबूत दिसते, पण तिची टाकी दूरवर पसरलेली आहे आणि टाकीवर पुष्कळांचे हात आहेत. शेती, हिरवळी आणि शहरांसाठी जलधरातून पाणी उपसलं, की टाकीची पातळी उतरते आणि नळाची धार बारीक होते. गच्चीजवळच्या मजल्यांवर सगळ्यांनी पंप लावले, की तळमजल्याला पाणी पोचत नाही, तसंच. सिल्व्हर स्प्रिंग्जचा प्रवाह विसाव्या शतकाच्या मध्याच्या तुलनेत लक्षणीय घटला आहे.

दुसरं दुखणं खताचं. शेतातलं आणि घरापुढच्या हिरवळीचं नत्र, मैलापाण्याच्या टाक्यांमधून मुरणारं नत्र चुनखडीतून थेट खाली जातं. मूळच्या झऱ्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहूनही कमी असायचं. राज्याने झऱ्यांसाठी ०.३५ ही मर्यादा ठरवली, आणि सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये आता ते १ मिलिग्रॅमच्या वर गेलेलं आहे. प्रवाह मंदावला आणि खत वाढलं, की लांब पानांवर तंतूसारखं शैवाल साचतं. खालची पानं उन्हावाचून मरतात आणि हजार रुपयांचा संसार सुरुवातीलाच डबघाईला येतो. हे पाणी काही वर्षांपासून काही दशकांपर्यंत जमिनीखाली प्रवास करून आलेलं असतं. म्हणजे आज टाकलेलं खत नातवंडांच्या सफरीत वर येईल.

ऑरलँडोला मुलाबाळांना घेऊन थीम पार्क बघायला जाणारी मराठी कुटुंबं पुष्कळ असतात. त्यांनी एक सकाळ या नदीसाठी राखावी. मॅमथ स्प्रिंगच्या वर वल्हं थांबवावं आणि दोन मिनिटं नुसतं खाली बघावं. ज्यांना तिकडे जाणं जमणार नाही, त्यांच्यासाठी प्रयोग गावातच आहे. येत्या पौषात पहाटे साधा थर्मामीटर घेऊन विहिरीवर जा, पोहरा वर आला की लगेच तापमान बघा आणि वहीत लिहून ठेवा. वैशाखात पुन्हा जा. दोन्ही आकडे त्या-त्या दिवशीच्या हवेच्या तापमानाशी ताडून पाहा.